तपासणीच्या खोलीतले मराठी

१

जननेंद्रिये, गुदद्वार, स्तन आणि गर्भाशय यांची वैद्यकीय तपासणी हा विषय वाङ्मयीन दिवाळी अंकाच्या संशोधन विभागात कशाला, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी डॉक्टर नाही. भाषेचा आणि साहित्याचा विद्यार्थी आहे. तरीही गेली काही वर्षे मी या विषयावरचे संशोधन-निबंध, न्यायालयीन निकाल, शासकीय अहवाल आणि मराठीतले आरोग्यविषयक लेखन समीक्षकाच्या नजरेने वाचतो आहे. त्या वाचनातून माझे एक मत बनले आहे. छाती किंवा पोट तपासताना डॉक्टरला रुग्णाच्या बोलण्याची मदत होते; या अवयवांच्या बाबतीत मात्र तपासणी सुरूच व्हायची की नाही, हे रुग्णाच्या बोलण्यावर ठरते. ज्याला शब्द सापडत नाही तो दवाखान्याची पायरी चढत नाही. चढलाच, तर भलतेच दुखणे सांगून परत येतो. म्हणून हा प्रश्न आधी भाषेचा आहे आणि मग हाताचा.

मराठीत या अवयवांसाठी तीन थरांचे शब्द आहेत. पहिला थर संस्कृताचा: योनी, शिश्न, गुदद्वार, गर्भाशयग्रीवा. हे शब्द पाठ्यपुस्तकात राहतात, कुणाच्या तोंडी नसतात. दुसरा थर शिव्यांचा. तो सगळ्यांना ठाऊक असतो आणि डॉक्टरसमोर कुणालाही वापरता येत नाही. तिसरा थर आडवळणाच्या शब्दांचा: खालची जागा, अंगावरून जाणे, बाजूला बसणे, अडचण, पदर येणे, दिवस जाणे, अंग बाहेर येणे, पिशवी. खरा व्यवहार या तिसऱ्या थरातच चालतो. हा थर म्हणजे निव्वळ लाजेचे पांघरूण, असे आपण पटकन म्हणून टाकतो. ते बरोबर नाही. या शब्दांमध्ये शरीराविषयीची एक समजूत आहे, आणि ती समजूत न वाचता केलेली तपासणी अपुरी राहते.

‘अंगावरून पांढरं जातं’ हे वाक्य घ्या. व्याकरणाने पाहिले तर यात कर्ता ‘पांढरं’ आहे. बाई कर्ती नाही, धड कर्मही नाही. तिचे अंग केवळ वाट आहे. केसपेपरवर याचा इंग्रजीत ‘व्हाइट डिस्चार्ज’ होतो आणि विषय एका अवयवापुरता उरतो. पण हे वाक्य उच्चारणाऱ्या बाईला बहुतेक वेळा आणखी बरेच सांगायचे असते. कंबर दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, कामाला बळ नाही, अंग झिजत चालले आहे. ग्रामीण महाराष्ट्रात आणि भारतात इतरत्र झालेल्या मानवशास्त्रीय अभ्यासांनी पांढरे जाणे आणि अशक्तपणा यांचा हा सांधा नोंदवला आहे. प्रयोगशाळेत जंतू सापडला नाही तर डॉक्टरच्या लेखी तक्रार खोटी ठरते. बाईच्या लेखी ती तशीच उरते.

२

या विषयावर महाराष्ट्राच्या मातीत घडलेला सर्वांत महत्त्वाचा मजकूर म्हणजे डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये जानेवारी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या बायका न घेता गावातल्या बायका घेतल्या, हे या अभ्यासाचे वेगळेपण. निष्कर्ष असा की ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि सरासरी एका स्त्रीमागे ३.६ आजार. त्यातले निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते.

९२ हा आकडा जगभर गेला. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांच्या उद्दिष्टांपलीकडे स्त्रीला आजार असतात, हे धोरणकर्त्यांना त्याने ऐकवले. त्याचे हे श्रेय मोठे आहे. पण मजकूर म्हणून वाचताना मला त्याच निबंधातले दुसरे दोन आकडे अधिक बोलके वाटतात. एक, तपासलेल्यांपैकी ४५ टक्के स्त्रियांनी कसलीच तक्रार सांगितली नव्हती. दोन, पूर्वी कधी तरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. पहिला आकडा सांगतो की तक्रार आणि आजार यांची जोडी इथे जुळत नाही. दुसरा सांगतो की ती जुळते का, हे पाहायला कुणी आलेच नव्हते.

निबंधावर एक आक्षेप घेता येतो आणि तो घेतला पाहिजे. एकाच बेरजेत पाळीतल्या वेदना, संसर्ग आणि इतर विकार आले, की ‘आजार’ या शब्दाखाली फार वेगवेगळ्या वजनाच्या गोष्टी एका तागडीत पडतात. ९२ म्हणताना ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहते ते यामुळे थोडे फसवे होते. पुढे अनेक ठिकाणी झालेल्या अभ्यासांतून हेही दिसले की स्त्रीने सांगितलेली लक्षणे, डॉक्टरने पाहिलेल्या खुणा आणि प्रयोगशाळेचा अहवाल या तिन्हींचा मेळ बऱ्याचदा बसत नाही. तेव्हा तिन्हींपैकी कुणाला खरे मानायचे? वैद्यक प्रयोगशाळेकडे बोट दाखवते. मला वाटते, तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत आणि त्यांची बेरीज करण्याआधी ती वेगळी वाचायला हवीत.

हे वेगळे वाचन राणी बंग यांनी स्वतःच पुढे केले. त्यांच्या मराठी पुस्तकाचे नाव ‘कानोसा’ आहे, आणि या नावातच एक भूमिका आहे. वैद्यकीय तपासणीची क्रियापदे पाहण्याची आणि चाचपण्याची असतात. कानोसा घेणे ही ऐकण्याची क्रिया आहे. तीही समोर बसून प्रश्न विचारून ऐकण्याची नव्हे. दाराआड काय चालले आहे याचा अंदाज घेत ऐकण्याची. ‘लॅन्सेट’च्या निबंधात स्त्रियांची शरीरे मोजली गेली, ‘कानोसा’त त्याच मुलुखातल्या बायकांच्या समजुती, नावे आणि कारणमीमांसा नोंदवल्या गेल्या. एकाच लेखिकेच्या हातून आलेले हे दोन मजकूर शेजारी ठेवले की लक्षात येते, पहिला दुसऱ्याशिवाय अर्धा आहे. मराठी समीक्षेने ‘कानोसा’ला आरोग्यविषयक उपयुक्त पुस्तक म्हणून बाजूला ठेवले. बोलीतल्या शरीरविषयक कल्पनांचा दस्तऐवज म्हणून तो ग्रामीण साहित्याच्या चर्चेत यायला हवा होता.

३

तपासणी आणि लाज यांचे नाते जुने आहे, आणि कधी कधी ते फलदायीही ठरले आहे. १८१६ साली पॅरिसच्या रुग्णालयात रने लाएनेक या डॉक्टरपुढे हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची सुरळी करून एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. स्टेथोस्कोपचा जन्म तो. संकोचाने इथे एक नवे साधन दिले.

पण जिथे तपासणारा सत्तेच्या बाजूने उभा असतो तिथे संकोचाला किंमत राहत नाही. अमेरिकेतल्या अलाबामामध्ये १८४० च्या दशकात जे. मॅरियन सिम्स याने अनार्का, बेट्सी, लूसी अशा गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. आधुनिक योनीदर्शक यंत्राशी त्याचे नाव जोडलेले आहे. आपल्याकडे १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्या म्हणून नोंदलेल्या स्त्रियांवर ठराविक काळाने सक्तीची तपासणी लादली. छावण्यांमधल्या गोऱ्या सैनिकांना रोग होऊ नये, हा हेतू. सैनिकांची तशी सक्तीची तपासणी नव्हती. म्हणजे स्त्रीच्या जननेंद्रियांची सरकारने घडवून आणलेली ही पद्धतशीर तपासणी तिच्या आरोग्यासाठी नव्हतीच. १८८८ मध्ये हा कायदा गेला, तरी तपासणी म्हणजे संशय हे समीकरण समाजाच्या आठवणीत मुरले असणार, असा माझा तर्क आहे.

त्याच सुमाराला दुसऱ्या बाजूने उत्तर शोधले जात होते. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या; त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. त्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. स्त्रीला स्त्री डॉक्टर मिळाली की प्रश्न सुटेल, अशी ती श्रद्धा होती. ती बरीचशी खरी ठरली, पण पूर्ण नाही. स्त्री डॉक्टरही ‘कपडे काढा, झोपा’ एवढ्या दोनच वाक्यांत तपासणी उरकू शकते. पडद्याआड काय होणार आहे, का होणार आहे, दुखले तर थांबवता येईल का, हे तिनेही सांगितले नाही, तर टेबलावरच्या बाईच्या दृष्टीने फरक थोडाच पडतो.

तपासणीचे सर्वांत विकृत रूप म्हणजे बलात्कारपीडितेवर केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’. ती स्त्री ‘सवयीची’ आहे का, हे बोटांनी ठरवण्याचा दावा तिच्यामागे होता. समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांतला कौमार्याच्या खुणांचा भाग हे शास्त्राच्या कपाटात चुकून ठेवलेले कल्पित आहे. त्यात निरीक्षण कमी आणि चारित्र्यचित्रण जास्त. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० च्या सुमारास अशा तपासण्यांच्या दुरवस्थेवर अहवाल लिहिला आणि हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या खुणांचा भाग अभ्यासक्रमातून वगळला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. नऊ वर्षांनी तेच पुन्हा सांगावे लागते, याचा अर्थ आदेशाने कृती थांबत असली तरी तिच्यामागचे वाक्य थांबत नाही.

४

याच्या उलट टोकाला महाराष्ट्रातच झालेले दोन मोठे प्रयोग आहेत. पहिला तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठी तीन वेगवेगळ्या तपासण्या तीन गटांत झाल्या, चौथा गट तुलनेसाठी. २००९ मध्ये आलेला निष्कर्ष असा की एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा जरी झाली, तरी त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात. दुसरा प्रयोग मुंबईच्या वस्त्यांमधला, टाटा स्मारक रुग्णालयाचा. १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी आणि गर्भाशयाच्या तोंडाची व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. ती करणाऱ्या होत्या शालेय शिक्षण झालेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. स्तनांच्या बाबतीत २०२१ चा निष्कर्ष अधिक सावध आहे: गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या, पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, सर्व वयांचा एकत्र विचार केला तर घट ठामपणे सिद्ध होत नाही.

या प्रयोगांत मला लक्षणीय वाटते ते हे की महागडे यंत्र नसतानाही काम झाले. ज्या हाताने ते केले तो हात वस्तीच्या भाषेत बोलणाऱ्या बाईचा होता. या प्रयोगांवरचा आक्षेपही नोंदवला पाहिजे. तुलनागटातल्या स्त्रियांना माहिती दिली गेली, तपासणी मात्र झाली नाही. त्यातल्या काहींचे मृत्यू टळले असते का, हा प्रश्न देशात आणि परदेशात विचारला गेला. कर्त्यांचे उत्तर असे की त्या वस्त्यांत एरवीही तपासणीची सोय नव्हती. हे उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे, आणि तेच अस्वस्थ करणारे आहे. ‘एरवीही नव्हती’ या दोन शब्दांवर एखादा अभ्यास उभा राहतो, तेव्हा अभ्यासापेक्षा त्या ‘एरवी’ची चौकशी व्हायला हवी.

५

त्या ‘एरवी’चे आपल्या काळातले उदाहरण बीडचे आहे. राज्य सरकारने २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे दिसले. म्हणजे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

इथे भाषा पाहा. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘कोयता’ म्हणतात. एक दिवस कामावर आले नाही तर तो ‘खाडा’, आणि खाड्याला दंड. गर्भाशयाला ‘पिशवी’. कोयता, खाडा आणि पिशवी या तीन शब्दांत त्या बाईची सगळी परिस्थिती आली. पाळीचे चार दिवस म्हणजे खाडा. पांढरे जाते, ओटीपोट दुखते, म्हणजे खाडा. आणि पिशवी ही अशी वस्तू, की काम झाल्यावर, फाटल्यावर, खराब झाल्यावर टाकून द्यायची असते. ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ एवढे वाक्य पुरते. गर्भाशय म्हटले असते तर ते काढण्याआधी चार प्रश्न विचारले गेले असते, असा माझा भाबडा दावा नाही. उचल, कर्ज, फडावर संडास आणि पाणी नसणे, ही कारणे शब्दांहून बलवान आहेत. पण पिशवी या रूपकाने तपासणी टाळून थेट काढण्याकडे जाण्याची वाट सोपी केली, हे नाकारता येणार नाही. जिथे आधी नीट पाहणी, मग औषध आणि अगदी शेवटी शस्त्रक्रिया असा क्रम हवा, तिथे रूपकाने मधल्या पायऱ्या गाळल्या.

पुरुषांची गत भाषेच्या बाबतीत वेगळी नाही, फक्त त्यांच्यासाठी भिंती बोलतात. एसटी स्टँडच्या मुतारीत, रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ आणि ‘मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन’ ही अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या रंगवलेली आहेत. गुप्तरोग हा शब्द रोगाचे नाव सांगत नाही. तो लपवायचा आहे एवढेच सांगतो. मूळव्याध या शब्दाने तर गुदद्वाराच्या सगळ्या तक्रारी पोटात घेतल्या आहेत. शौचातून रक्त पडले की घरचे, शेजारचे आणि कधी कधी डॉक्टरही ‘मूळव्याध असेल’ म्हणून मोकळे होतात. गुदाशयाच्या कर्करोगातही असेच रक्त पडते, आणि त्यातल्या बऱ्याच गाठी बोटाच्या साध्या तपासणीत हाताला लागू शकतात. ती तपासणी मिनिटभराची आहे. रुग्ण मागत नाही, डॉक्टर सुचवत नाही, आणि मधे महिने जातात. हा संकोच प्राचीन आहे म्हणावे तर तसेही नाही. सुश्रुतसंहितेत मूळव्याधीच्या तपासणीसाठी गायीच्या सडाच्या आकाराच्या नळीवजा यंत्राचे वर्णन मोकळेपणाने येते. ज्या परंपरेचा अभिमान आपण भाषणांत सांगतो, ती या बाबतीत आपल्याहून कमी लाजाळू होती.

६

मराठीत या विषयावर सरळ गद्य लिहिण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांचे मोठेपण आपण त्यांच्या विचारांत शोधतो. मला ते वाक्यांतही दिसते. अवयवाचे नाव घेताना त्यांचे वाक्य घोगरे होत नाही, आणि उपदेशाचा सूरही लावत नाही. हे गद्य पुढे चालले नाही. आजच्या आरोग्य-पत्रकांचे मराठी पाहिले तर एकीकडे ‘गर्भाशयग्रीवेचा कर्करोग’ आणि दुसरीकडे ‘महिलांनो, लाजू नका’. पहिले कळत नाही. दुसऱ्यात लाजेचा दोष बाईवरच टाकलेला असतो.

मग कोणते मराठी हवे? माझ्या मते तिसऱ्या थरातले शब्द टाकून देऊ नयेत. ‘पिशवीचं तोंड’ हा शब्द गर्भाशयग्रीवेपेक्षा शंभरपट उपयोगी आहे. मात्र त्याच्यापुढे एक वाक्य हवे, की ही पिशवी बाळंतपणानंतर निकामी होत नाही, आणि ती काढली तर शरीरावर परिणाम होतात. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे वाक्य केसपेपरवर जसेच्या तसे लिहावे, आणि त्याखाली विचारावे, की त्याबरोबर आणखी काय जाते आहे असे वाटते? तपासणीआधी तीन गोष्टी साध्या क्रियापदांत सांगाव्यात: मी काय करणार, कशासाठी करणार, आणि तुम्ही ‘थांबा’ म्हणालात की थांबणार. शेजारी कोण असावे, हे रुग्णाला विचारावे. आणि तपासणीनंतर काय सापडले हे तिच्या नवऱ्याला किंवा मुलाला सांगण्याआधी तिला सांगावे. यातले काहीही खर्चिक नाही. वैद्यकीय महाविद्यालयात याचे धडे देताना एखाद्या तासाला भाषेचा शिक्षक बोलावला, तर तो काही निरुपयोगी ठरणार नाही.

साहित्याच्या बाजूने एवढेच म्हणतो. आपण दलित, ग्रामीण आणि स्त्रीवादी लेखनात शरीराच्या उच्चाराचे स्वागत केले आणि ते योग्यच केले. पण त्या उच्चारात वेदना आणि वासना पुष्कळ आल्या, तपासणी क्वचित आली. आजारी शरीर दुसऱ्याच्या हाती विश्वासाने कसे द्यावे, याचे गद्य मराठीत अजून फार थोडे आहे. गडचिरोलीच्या त्या ६५० पैकी ज्या ४५ टक्के स्त्रियांनी काहीच सांगितले नव्हते, त्यांना आजार नव्हता म्हणून त्या गप्प नव्हत्या. त्यांना विचारणारे कुणी नव्हते, आणि विचारले असते तर उत्तर द्यायला जे शब्द हवेत, ते घडवण्याचे काम डॉक्टरांइतकेच लिहिणाऱ्यांचेही आहे.